सामान्य गिऱ्हाईक

सोमवार, ४ मार्च

नोकरी लागली. एकसष्टाव्या वर्षी, आणि तीही बाजारातून भाजी आणायची! बायकोला सांगितलं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हटल्यावर म्हणाली, "अहो, घरची भाजी आणता तर सकाळ जाते. सरकारची आणायला दिवस पुरेल का?"

थट्टा बाजूला, पण खरा आनंद तिलाच झाला असणार. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण आहे. दुपारी दमून घरी येते आणि दारातच मी तिला सकाळपासून घरात काय काय चुकीचं सापडलं ते ऐकवतो. निवृत्त झाल्यापासून दुसरा उद्योगच नाही. जन्म गेला कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून. पट्ट्यावरून कप यायचा, मी टिचकी मारायचो, बद्द वाजला की बाहेर. कारखान्यात मला 'टिचकी' म्हणत, अर्थात पाठीमागे.

आता काम असं. अन्न तपासायची एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या प्रमुख बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, चष्मा सतत केसांत अडकवलेला आणि सतत शोधत असलेला. त्या नवा तक्ता तयार करताहेत. कुठल्या पदार्थात लोह किती, जीवनसत्त्वं किती, त्यातलं खाण्याजोगं किती आणि टाकाऊ किती, हे सगळं त्यात. जुना तक्ता बाईंच्या जन्माआधीचा, आणि त्यातले निम्मे आकडे परदेशी पुस्तकातून उचललेले. शाळेत मुलांना काय किती वाढायचं, रुग्णालयात काय द्यायचं, पिठात लोह मिसळायचं की नाही, हे पोषण खातं या तक्त्यावरून ठरवतं. आणि तक्ता ठरतो नमुन्यांवरून. नमुने आणणार मी.

बाई म्हणाल्या, "काका, सामान्य गिऱ्हाईक घेतं तसंच घ्यायचं. एवढं एकच पथ्य पाळा."

म्हटलं, बाई, निर्धास्त राहा. माझ्याइतकं सामान्य गिऱ्हाईक गावात शोधून सापडणार नाही.

गुरुवार, ७ मार्च

पहिली फेरी. पालेभाजी आणि गाजरं, वेगवेगळ्या दुकानांतून. उजाडताच गेलो, कारण ट्रक उतरतो तेव्हाच खरा माल दिसतो. नऊनंतर बाजारात जातात ते आळशी लोक.

नेहमीच्या मावशींकडे जुड्या सोडून सोडून पाहिल्या. मावशी म्हणाल्या, "भाऊ, पानं मोजून घेणार का आता?" म्हटलं, मावशी, आज सरकारी काम आहे, उगाच काहीतरी नेऊन चालणार नाही. कोवळी पानं, बोटानं तुटेल असा देठ, एकही डाग नाही, अशा जुड्या मिळवल्या. गाजरांच्या गाडीवर तर गाडीवाला अक्षरशः हात जोडून उभा राहिला. पण गाजरं अशी आणली की कापल्यावर आत पांढरा गाभा दिसायला भिंग लागावं. दुसरा कुणी असता तर चार दुकानं फिरून जे मिळेल ते पिशवीत कोंबून घरी गेला असता. सरकारी पैसा म्हणजे काय वाऱ्यावर सोडलाय?

प्रयोगशाळेत गाजरं टेबलावर मांडली तेव्हा बाईंनी मोबाइल काढून त्यांचा फोटो घेतला. घरी आलो तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मंगळवार, १९ मार्च

प्रयोगशाळा मला फार आवडायला लागली आहे. प्रत्येक नमुना आधी आहे तसा तोलतात, मग निवडतात, मग टाकलेला भाग वेगळा तोलतात. उरलेलं बारीक करून डब्यांतून पुढे यंत्रांकडे जातं. सगळं स्वच्छ, शिस्तीत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. कारखान्यात असं असतं तर मी निवृत्तच झालो नसतो. माझ्या जुड्यांतून टाकायला काही निघतच नाही. मदतनीस मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या भाजीला कचऱ्याचा डबा लागत नाही." हे वाक्य घरी गेल्या गेल्या बायकोला ऐकवलं.

ती पाय शेकत बसली होती. म्हणाली, "नशीब तुमचं. आमच्याकडे आज निम्मी भाजी टोपलीत गेली. टेम्पो सगळीकडे फिरून शेवटी शाळेत येतो. पानं पिवळी, देठ असे की झाडू बांधावा."

मी तिला समजावलं की मुळात तुम्ही बायका निवडताना हात फार सैल सोडता. थोडं बारकाईनं पाहिलं तर पुष्कळ वाचतं. यावर तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि पाय शेकण्याची पिशवी दुसऱ्या पायावर ठेवली. पटलं असावं.

मंगळवार, २ एप्रिल

आकडे आले! माझ्या पालेभाजीत जीवनसत्त्वं जुन्या तक्त्यापेक्षा किती तरी जास्त. गाजरांचं तर विचारूच नका. टाकाऊ भाग जवळजवळ नाहीच. बाई कागद पुन्हा पुन्हा खालीवर करत होत्या. चष्मा डोक्यावर असूनही शोधला नाही, म्हणजे खरोखर विचारात होत्या.

"काका, हे फारच छान आहे," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच छान. इतर शहरांतले नमुने यायला अजून वेळ आहे, नाहीतर ताडून पाहिलं असतं. पण खात्याला घाई झालीय."

मी म्हटलं, शेती सुधारली असेल. त्या "असेल" म्हणाल्या. शास्त्रज्ञ मंडळींना चांगल्या बातमीचाही आनंद घेता येत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

आज घरात वादळ. बायको आली ती चपला न काढताच बोलायला लागली. खात्याकडून शाळेला नव्या प्रमाणाचा मसुदा आलाय. नव्या तपासणीनुसार भाज्या पूर्वीच्या समजापेक्षा जास्त कसदार आहेत आणि त्यांत वाया फारसं काही जात नाही, तेव्हा प्रत्येक मुलामागे पालेभाजीची आणि गाजरांची खरेदी एक तृतीयांशानं कमी करावी. सोमवारी बैठक, तिथे शिक्कामोर्तब.

"कोण हा शहाणा?" ती म्हणाली. "वाया जात नाही म्हणे! आत्ताच मागच्या ओळीतल्या पोरांना पळी खरवडून वाढते मी. आता त्यांना काय, भांड्याचा वास देऊ? त्यातली निम्मी घरून काही न खाता येतात."

मी म्हटलं, अगं, बाई मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, तोलूनमापून झालंय सगळं. चूक असेल तर तुमच्या स्वयंपाकघरात असेल. हे बोलायला नको होतं. रात्री माझ्या ताटात भाजी एक तृतीयांशानं कमी होती. विचारलं तर म्हणाली, "कसदार आहे."

बुधवार, १० एप्रिल

म्हटलं, काय ते एकदा दाखवूनच देऊ. सकाळी तिच्याबरोबर शाळेत गेलो. स्वयंपाकघर लांबट, दोन खिडक्या, मोठाली भांडी उलटी घालून ठेवलेली. बायकोनं माझ्यापुढे पालेभाजीची एक पाटी सारली, दुसरी तिच्या मदतनीस बाईपुढे. "दाखवा वाचवून," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी बाह्या सरसावल्या. पहिली जुडी सोडली. बाहेरची पानं पिवळी, टाकली. देठ वाकवून पाहिला, मोडेना. टाकला. आतल्या पानांवर कीड, टाकली. एक पान बरं वाटलं म्हणून उजेडात धरलं, तर कड काळी. तेही टाकलं. पुढची जुडी, त्याच्या पुढची. हात आपोआप चालत होते, जन्मभर तेच केलंय. पाटी संपली तेव्हा मदतनीस बाईच्या पुढ्यातला कचरा गुडघ्याइतका होता आणि माझा त्याच्याही वर. ठेवलेली भाजी मात्र तिचीच जास्त.

बायको आली, दोन्ही ढीग पाहिले. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती शेजारी बसून माझ्या कचऱ्यातली जरा बरी पानं उचलून भांड्यात टाकायला लागली.

आणि मला घाम फुटला. कारण या पाटीतली एकही जुडी मी बाजारात हातात धरली नसती. मी हातात धरली नाही म्हणजे ती प्रयोगशाळेत गेली नाही, म्हणजे ती तक्त्यात नाही. ही पोरं जे खातात ते तक्त्यातच नाही! तक्त्यात आहे ती टिचकीसाहेबांनी पारखलेली भाजी. आणि तिच्या जोरावर यांच्या ताटातलं काढणार.

वाढप होईपर्यंत थांबलो. मागच्या ओळीत एक मुलगी ताट पुढे करून उभी होती. बायकोनं पळी भांड्याच्या तळाशी फिरवली, तो आवाज मला ऐकवेना.

गुरुवार, ११ एप्रिल

रात्रभर कूस बदलत होतो. नोकरी जाणार हे उघड होतं. त्याहून जास्त लाज वाटत होती ती बाईंची. त्यांनी इतक्या विश्वासानं काम दिलं.

सकाळी जाऊन एका दमात सगळं सांगितलं. ट्रकपाशी जातो, जुड्या सोडतो, गाजरवाल्यानं हात जोडले, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग खुर्चीत मागे रेलल्या आणि हसायलाच लागल्या.

"अहो काका, मी त्या गाजरांचा फोटो काढला होता! आईला पाठवला, बघ किती सुंदर म्हणून. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. तुमच्याबरोबर एकदा बाजारात यायला हवं होतं मी."

हसणं थांबल्यावर चेहरा मात्र गंभीर झाला. आकडे खोटे नाहीत, म्हणाल्या. तुमच्या भाजीत ते सगळं आहेच. फक्त ती भाजी तुमच्या घराशिवाय कुणाच्याच घरी शिजत नाही. आता सोमवारी खात्याला हे पटवायला हवं, आणि तिथल्या साहेबांना आकडे आवडले आहेत.

मी विचारलं, "मी उद्यापासून येऊ की नको?"

"सोमवारी या," त्या म्हणाल्या. "आणि येताना दोन जुड्या आणा. एक तुमची, एक शाळेतली."

सोमवार, १५ एप्रिल

खात्याची इमारत म्हणजे नुसते दरवाजे. बैठकीच्या खोलीत लांब टेबल, त्यावर काच, काचेवर माझ्या दोन जुड्या. साहेब गोरेगोमटे, शांत, वाईट माणूस वाटला नाही. त्यांनी बाईंचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"म्हणजे तुम्ही चांगली भाजी आणलीत, ही तक्रार आहे?"

"होय साहेब."

"मग शाळांनीही चांगली घ्यावी. प्रश्न मिटला."

शाळेतली ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे होती. म्हटलं, साहेब, माझ्यासारखं पारखून घ्यायचं तर माणसाला सकाळभर दुसरं काम नसावं लागतं. आणि मी उचलून नेल्यावर मागे जे उरतं तेही कुणीतरी विकत घेतंच. मग शाळेची जुडी त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हीच बघा निवडून."

बाई माझ्याकडे डोळे वटारून पाहत होत्या. पण साहेबांनी खरंच वर्तमानपत्र मागवलं, घड्याळ काढून ठेवलं आणि निवडायला बसले. शिपाई दारात उभा राहून बघत होता. शेवटी साहेबांपुढे ओंजळभर पानं आणि वर्तमानपत्र झाकून टाकणारा कचरा. त्यांनी एक देठ उचलून वाकवून पाहिला.

"आमच्याकडे भाजी कोण निवडतं, हे मला आज घरी विचारायला हवं," ते म्हणाले.

मेअखेरपर्यंत मुदत मिळाली. तोवर जुनं प्रमाण चालू. नवे नमुने पटले नाहीत तर मसुदा आहे तसाच लागू होणार. नमुने मीच आणायचे, असं बाई म्हणाल्या. माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.

गुरुवार, १८ एप्रिल

आज न पारखता खरेदी. फार सोपं वाटलं होतं. दुपारी, म्हणजे सामान्य माणसाच्या वेळेला, मावशींकडे गेलो, हात पाठीमागे बांधले आणि म्हटलं, "मावशी, एक जुडी द्या. कुठलीही."

मावशी उठून उभ्याच राहिल्या. "भाऊ, बरं नाही का? घरी सगळं ठीक ना?"

म्हटलं, सगळं ठीक आहे, तुम्ही द्याल ती चालेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर विश्वास टाकलात," म्हणाल्या, आणि ओल्या गोणपाटाखालून स्वतःच्या घरासाठी राखलेली जुडी काढून दिली. असली जुडी मी सुद्धा कधी पाहिली नव्हती.

नाही कसं म्हणणार? घरी नेली. शिजवल्यावर बायको म्हणाली, "वा!" प्रयोगशाळेत मात्र रिकाम्या हातानं गेलो.

शनिवार, २० एप्रिल

ओळखीचा बाजार नको म्हणून पलीकडच्या वस्तीत गेलो. या वेळी चूक करायची नाही असं ठरवूनच. सगळ्यांत मरतुकड्या जुड्या, वाकडी, केसाळ गाजरं, बसकं वांगं, असं शोधून शोधून आणलं. दुकानदार खूश झाला. पिशवी बाईंपुढे अशी ठेवली की आता शाबासकीच मिळणार.

बाईंनी आत डोकावलं. "काका, हे मुद्दाम आणलंत ना?"

"अर्थात!"

"मग तेच झालं की पुन्हा. आधी सगळ्यांत चांगलं, आता सगळ्यांत वाईट. मला मधलं हवंय. चांगलं, वाईट, जे हाताला लागेल ते."

शेवटी त्यांनीच उपाय काढला. दुकानांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, वेळेच्याही. आणि दुकानात काही न पाहता सांगायचं, द्या. मला सरळ विचारलं, "जमेल ना?" जमेल म्हणालो. म्हणजे कप बद्द वाजतोय हे ऐकू येत असताना तो पुढे जाऊ द्यायचा!

मंगळवार, ३० एप्रिल

या दिवसांत मी जितका फसवला गेलो तितका उभ्या जन्मात नाही. अनोळखी बाजारात मान खाली घालून "द्या" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला लोक काय देतात ते आता मला विचारा. कुणी वरची ताजी जुडी दिली, कुणी खालची कुजकी. एका पोरसवदा दुकानदारानं तर वर चांगली गाजरं रचून खाली मऊ पडलेली घातली. मला पिशवी हातात घेताच कळलं, बोटं शिवशिवली, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. वर त्याला "धन्यवाद" म्हणालो.

बायको हल्ली मी घरी आलो की चेहऱ्यावरून ओळखते. "आज काय, कुजकी?" म्हणते. मी हो म्हटलं की चहात जरा जास्त साखर घालते. आज मात्र स्वतःहून म्हणाली, "तुम्हाला किती जड जातंय ते दिसतंय हो मला." मी म्हटलं, छे, त्यात काय. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शुक्रवार, १७ मे

आकडे आले. पालेभाजीचा बराच भाग टाकाऊ. उरलेल्यात जीवनसत्त्वं माझ्या पहिल्या नमुन्यांच्या निम्म्याच्या आसपास. गाजरं फिकी, त्यांचे आकडेही फिके. आयुष्यात पहिल्यांदा मला वाईट निकालाचा आनंद झाला आणि मी तो दडवलाही नाही. मदतनीस मुलीनं पेढे वाटावेत तसा कागद सगळ्यांना दाखवला.

बाई खात्यात जाऊन आल्या त्या जिना धावतच चढल्या. कपात रद्द. उलट नवे आकडे पाहता जुनंच प्रमाण कमी पडत होतं, तेव्हा पालेभाजीची खरेदी वाढवायची. जूनपासून, सगळ्या शाळांना. साहेबांनी वाद घातला नाही, फक्त विचारलं म्हणे, ते तपासनीस गृहस्थ अजून आहेत ना?

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मोठं भांडं माळ्यावरून काढावं लागणार." मग बाहेर जाऊन पाच मिनिटं उगाचच झाडांना पाणी घालत राहिली. झाडांना सकाळीच घातलं होतं.

सोमवार, १० जून

नव्या प्रमाणाचा पहिला दिवस. बायकोनं बोलावलं म्हणून शाळेत गेलो. मोठं भांडं चुलीवर, पाट्याही वाढलेल्या, आणि हात कमी पडतात म्हणून दोन नव्या बाया घेतलेल्या. कोपऱ्यात उभा राहून वाढप पाहिलं. मागची ओळ आली. बायकोनं पळी बुडवली, भरून वर काढली आणि ताटात रिकामी केली. पुढचं ताट, त्याच्या पुढचं. एका पोरानं नाक मुरडून भाजी बाजूला सारली, त्याला तिनं तिथल्या तिथे झापलं. शेवटचं ताट गेलं तरी भांड्यात भाजी होती.

मग तिनं पदराला हात पुसले, मला हाताला धरून पुढे आणलं. नव्या बायांना काही कळेना. इतकी वर्षं मी पारखून पारखून घरात माल आणला, पण माझी अशी चारचौघांत ओळख तिनं कधी करून दिली नव्हती. आज दिली. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"हे आमचे हे," ती म्हणाली. "यांनीच ती खराब भाजी आणली."

मी मान डोलावली आणि वाढून घ्यायला ताट पुढे केलं.